ओठावरची पन्हळ

१

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि मोडक्या खाटांची खोली यांच्या मधोमध, नाकवाल्यांची कार्यशाळा होती. आजाराने किंवा अपघाताने ज्यांच्या चेहऱ्याचा एखादा भाग गेला, त्यांना तो भाग ते करून देत. आधी मेणात घडवायचा, मग साचा करून रबरासारख्या मऊ पदार्थात ओतायचा, मग माणसाच्या कातडीशी रंग जुळवत बसायचं. कान, गाल, ओठ, सगळंच करत. पण पहिलं काम नाकाचं केलं होतं, म्हणून नाकवाले हे नाव पडलं ते पडलंच. "इथे नाक मुठीत धरून यायचं आणि नाक वर करून जायचं," असं फाटकावरचा पहारेकरी नव्या रुग्णांना सांगे.

वरचा ओठ करायचा असला की त्यांची एक रीत होती. नाकाखालून ओठापर्यंत उतरणारी ती छोटीशी पन्हळ सगळ्यात शेवटी करायची, आणि हत्याराने कधीच नाही. हत्याराने केलेली पन्हळ छपराच्या पन्हळीसारखीच दिसते. मेण जरासं उबवायचं, करंगळीचं टोक हलकेच दाबायचं आणि एक श्वास होईपर्यंत बोट तसंच ठेवायचं. बोट उचललं की काम संपलं. तोवर ते मेणाचं तोंड काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखं दिसे. पन्हळ पडली की गप्प होई. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुंभारालाही एखादं मडकं आपल्याकडे बघून हसतंय असं वाटत असेल. तो काय गावभर सांगत फिरतो?

नात झाली त्या दिवशी लेकीने दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं त्यांच्यापुढे धरलं. नाकवाल्यांनी वाकून पाहिलं. नाक थेट आजीचं. हनुवटी जावयाची. आणि नाकाखाली काहीच नाही. वरचा ओठ घोटलेल्या मेणासारखा सपाट, सरळ नाकापर्यंत गेलेला.

त्यांची करंगळी आपोआप पुढे झाली.

लेकीने हातावर फटका मारला. "बाबा! मेण नाहीये ते!"

खोलीतले सगळे हसले. नाकवालेही हसले. पण हात खिशात घातल्यावरही ती करंगळी बराच वेळ ताठ होती.

२

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला उलटसुलट करून तपासलं आणि सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. काही मुलांची पन्हळ उथळ असते. वाढेल तशी येईल, नाही आली तरी काही अडत नाही.

"अडत नाही" हे नाकवाल्यांच्या मनात रुतून बसलं. जिच्यावाचून कुणाचं अडत नाही, अशी एक गोष्ट ते जन्मभर जीव ओतून करत आले होते. मग ती असते तरी कशाला?

त्यांचा शाळेपासूनचा मित्र वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायचा. सगळी उमर सांगाड्यांत गेली, म्हणून नाकवाल्यांनी त्याचं नाव हाडवाले ठेवलं होतं.

"उपयोग?" हाडवाले म्हणाले. "कुत्र्याला विचार. त्याच्या तोंडातला ओलावा त्या फटीतून नाकावर चढतो. नाक ओलं राहतं, वास चांगला लागतो. तुझं नाक ओलं राहिलं तर त्याला सर्दी म्हणतात."

"मग आपल्याला कशाला दिलीय?"

"भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचा खिळा राहिलेला असतो ना भिंतीत? तसं समज."

पण नाकवाले उठेनात, तेव्हा हाडवाल्यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. चेहरा एकसंध उगवत नाही. कपाळाकडून एक पाकळी खाली येते, दोन्ही गालांकडून दोन येतात, आणि आईच्या पोटातच त्या मधोमध भेटून मिटतात. भेटल्या नाहीत तर ओठ दुभंगतो. "पन्हळ म्हणजे तिथे दार होतं, ते लागलं, एवढीच खूण."

"आणि दार लागलंय पण खूण नाही, असं असलं तर?"

हाडवाल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "तर दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही, असं म्हणू," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी चहा मागवला.

त्यानंतर नाकवाल्यांना नादच लागला. रांगेत, बसमध्ये, औषधाच्या दुकानात ते लोकांच्या वरच्या ओठाकडे बघत राहायचे. कुणाची खोल, कुणाची रुंद, कुणाची मिशीत लपलेली. म्हाताऱ्या माणसांची मात्र पुसट होत गेलेली. फार म्हाताऱ्यांची जवळजवळ नाहीच. हेही त्यांनी आजवर हजारदा पाहिलं असेल, पण मनावर घेतलं नव्हतं.

३

बाळंतिणीच्या मदतीला अक्का आल्या. अक्का म्हणजे नाकवाल्यांच्या बायकोची थोरली बहीण. प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं आणि हाताइतकंच तोंडही चालू ठेवलं होतं. एकदा दुपट्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक म्हातारी सिस्टर होती. ती म्हणायची, पोटात असताना पोराला सगळं ठाऊक असतं. मागचं, पुढचं, आपण आधी कुठे होतो, मेल्यावर कुठे जातो, सगळं. बाहेर पडायच्या आधी कुणीतरी ओठावर बोट ठेवतं आणि म्हणतं, चूप! की पोर सगळं विसरतं आणि भोकाड पसरतं. ओठावर उरतो तो त्या बोटाचा ठसा."

"कुणाचं बोट?" नाकवाल्यांनी विचारलं.

"आता ते मी काय सांगू, जावईबापू? मी बाळं मोजायचे. बोटं नाही."

"आणि कुणी बोट ठेवायचं विसरलंच तर?"

"तर बोलेल की पोरगी! माझ्या बहिणीची नात आहे. गप्प बसणारं घराणंच नाही आमचं." अक्का खो-खो हसल्या, मग बहिणीच्या आठवणीने एकदम थांबल्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा घड्या घालू लागल्या.

नाकवाल्यांनीही एक दुपटं ओढून घडी घालायला घेतली.

बायको गेली ती याच घरात, मागच्या खोलीत, भर दुपारी. दुखणं लांबलं होतं, सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. शेवटी तिने डोळे उघडले ते त्यांच्याकडे पाहायला नाही. तिने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि आठवडाभर शोधत असलेली कात्री समोरच्याच खणात सापडावी अशा आवाजात म्हणाली, "अगंबाई, हे तर..."

आणि संपलं.

लेकीला त्यांनी सांगितलं, आई शांतपणे गेली. ते खोटं नव्हतंच. पण ते अर्धं वाक्य त्यांनी कुणालाच दिलं नाही. लेकीला नाही, अक्कांना नाही, हाडवाल्यांनाही नाही. दुःखाचं काय, ते अंगवळणी पडतं. हे पडत नव्हतं. सकाळी दाढी करताना, मेण वितळवताना, जिना चढताना ते स्वतःशी पुटपुटत: हे तर काय? तिने काय पाहिलं? आणि आनंद झाल्यासारखी का बोलली ती?

४

अक्का परत गेल्या, लेक कामावर रुजू झाली. जावई दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. ठरलं असं की नाकवाल्यांनी सकाळी कार्यशाळेत जायचं आणि दुपारभर नातीला सांभाळायचं. ती सारखी टुकुटुकु बघत राहायची, म्हणून तिचं नाव टुकी पडलं होतं.

टुकी गुणी होती. जरा जास्तच. रडायची नाही, हट्ट करायची नाही. हसायचीही नाही. मुलं माणसाच्या डोळ्यांत बघतात. टुकी बघायची ती नाकाखाली, ओठाच्या वर. आणि आपलं बोट तिकडे न्यायची.

मागच्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर उशांचा बांध घालून तिला निजवायचं आणि बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसायचं, असा नाकवाल्यांचा शिरस्ता. टुकीला रांगता येऊ लागल्याच्या सुमारास, एका दुपारी लोटलेल्या दाराआडून त्यांना पुटपुटणं ऐकू आलं.

पोर बोबडं बोलायला लागली, असं पहिल्यांदा वाटलं. पण बोबड्या बोलण्यात नुसते चढउतार असतात, अर्थ नसतो. याला अर्थ होता. तो फक्त इकडे पोचत नव्हता. आवाज थोडा वेळ चाले, मग थांबे, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखा. मग "हं" म्हटल्यासारखं काहीतरी, आणि पुन्हा सुरू.

ते उठले. दाराला हात लावला. आवाज थांबला. आत टुकी उशीला टेकून बसली होती आणि दाराकडे बघत होती. दार उघडल्यावर वळून बघितलं असं नाही, आधीपासूनच बघत होती.

नाकवाले हातात माप घेऊन जगलेले. त्यांनी नळ बंद करून पाहिला, पंखा बंद करून पाहिला. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जाऊन विचारलं, दुपारी रेडिओ लावता का?

"रेडिओ केव्हाचा बिघडलाय, काका," शिंपी म्हणाला. "तुम्ही दुरुस्त करून देता? नको, तुम्ही त्याला नाकच बसवाल."

दुसऱ्या दुपारी पंखा बंद, नळ बंद, वरती शिलाईयंत्रसुद्धा बंद. तरी मागच्या खोलीत कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं.

भीती वाटायला हवी होती. नाकवाल्यांनी स्वतःला तपासून पाहिलं, तर ती फारशी नव्हती. त्यांनी स्टूल उचललं आणि दाराच्या आणखी जवळ नेऊन ठेवलं.

५

टुकीचं वजन वाढेनासं झालं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. कान चांगले, डोळे चांगले, रक्त चांगलं. "पण ही दमलेली दिसते हो," त्या म्हणाल्या. "घरी नीट झोपू देता ना तिला?"

त्या संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते.

"काय झालं गं?"

"काही नाही." मग वळून म्हणाली, "बाबा, ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा मला वाटतं, तिला माझी दया येतेय. वर्षाचीसुद्धा नाही हो ती. तिने हसावं ना. दुधाची वाटी सांडावी, माझे केस ओढावेत."

"हसेल. काही मुलं उशिरा हसतात."

"तुम्ही एवढ्यांची तोंडं नीट केलीत. हिला काही नाही का करता येणार?"

लेक ते नुसतंच म्हणाली होती. पण नाकवाल्यांच्या डोळ्यांपुढे उबवलेलं मेण आलं. अक्कांची गोष्ट खोटी असेल, तर करंगळीने काहीच बिघडणार नाही. खरी असेल, तर एका श्वासाचं काम. पोर सुटेल, हसेल, वाट्या सांडेल. आणि पलीकडचं तिला जे ठाऊक आहे ते कायमचं मिटेल. तिच्या आजीच्या वाक्याचा उरलेला अर्धा भागही त्यातच.

"बघू," नाकवाले म्हणाले.

जे आज करायचं नसतं त्याला घरोघरी बघू म्हणतात. लेकीला ते कळलं नाही. त्यांना कळलं.

६

असे काही दिवस बघू-बघूत गेले. रोज दुपारी नाकवाले स्टुलावर कान देऊन बसत, आणि रोज संध्याकाळी लेक टुकीला काट्यावर ठेवून खाली मान घाली. पुटपुटणं मात्र रोज थोडं स्पष्ट होत चाललं होतं. आज ऐकू, मग उद्या लगेच बोट ठेवू, असं ते मनाशी म्हणत.

त्या दुपारी त्यांनी चपला बाहेरच काढल्या आणि दार बोटभर उघडं ठेवलं. खोलीत पडद्यामुळे पिवळट उजेड होता. पुटपुटणं सुरू झालं, थांबलं. हं. पुन्हा सुरू झालं. आणि मग अगदी स्वच्छ:

"अगंबाई, हे तर..."

आवाज पोरीचा नव्हता, बायकोचाही नव्हता. पण ती लकब तिचीच. खणात सापडलेल्या कात्रीची.

नाकवाले आत गेले. टुकी पलंगावर, डोक्याकडची फळी धरून उभी होती. पहिल्यांदाच ती त्यांच्या ओठाकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. त्यांनी वळून पाहिलं. उघडं दार, बाहेर बैठकीची खोली, स्टूल. बाकी काही नाही.

त्यांना लेकीचा ओट्याजवळचा चेहरा आठवला. करंगळी वळवळलीसुद्धा. पण ते पलंगाच्या कडेवर बसले आणि, बायको आतल्या खोलीतून अर्धवट काहीतरी बोलायची तेव्हा विचारत, त्याच सुरात त्यांनी विचारलं, "हे तर काय, गं?"

टुकीने त्यांच्या मानेत हात टाकले. तोंड कानाशी आणलं. गरम श्वास लागला.

आणि तिने सांगितलं.

७

ते जमिनीवर बसले होते, पलंगाला पाठ टेकून. पडद्यावरचा उजेड थोडा सरकला होता. टुकी मांडीवर होती. त्यांची करंगळी तिच्या वरच्या ओठावर दाबलेली होती. आणि टुकीचं इवलंसं बोट त्यांच्या वरच्या ओठावर, नेमकं पन्हळीत.

त्यांनी बोट उचललं. खाली पन्हळ होती. उभ्या हयातीत इतकी नेटकी पन्हळ त्यांच्या हातून उतरली नव्हती.

टुकीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि हसली. बोळकं उघडून, लाळ गाळत, कुठल्याही पोरासारखी.

"हसली!" नाकवाले म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग त्यांनी ती गोष्ट आठवायचा प्रयत्न केला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरावी तसं मन तिथे जाऊन जाऊन आलं. तिने सांगितलं होतं, एवढं नक्की. गरम श्वास आठवत होता. पुढे काहीच नाही.

बोटं ठणकत होती म्हणून त्यांनी हाताकडे पाहिलं. दोन नखं मुळापासून तुटली होती. उजवा खांदा भरून आला होता. खिडकीला खिट्टी घातलेली, ती त्यांनी घातली नव्हती. आणि बायकोचं लाकडी कपाट, जे या खोलीत आणताना चौघांना घाम फुटला होता, ते भिंतीजवळ नव्हतं. ते दाराला लावलेलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे दोन पांढरे ओरखडे उमटले होते.

दार आत उघडणारं होतं. बाहेरून कुणाला येता येऊ नये, अशी सोय कुणीतरी केली होती. खोलीत तर ते आणि टुकी, दोघंच.

टकटक झाली.

"बाबा? दार का लावलंय? उघडा ना."

लेकीचा आवाज. नाकवाल्यांना एकदम हायसं वाटलं. "थांब हं, थांब," म्हणत ते उठले, टुकीला काखेत घेतलं, कपाटाला हात घातला. "अगं, टुकी हसली! खरंच हसली!"



"हसली?" आवाज म्हणाला. त्यात आनंद नव्हता. "म्हणजे झालं वाटतं. आणि तुम्हाला, बाबा? तुमच्या लक्षात आहे का काही?"

कपाटावरचा हात थांबला. "कशाचं?"

"नाही ना लक्षात? एवढं विचारत होतात. हे तर काय, हे तर काय. उघडा. परत सांगते."

टुकी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होती. आईचा आवाज आल्याचं तिच्या गावीही नव्हतं.

खोटं कशाला बोला, नाकवाल्यांना उघडावंसं वाटलं. इतके दिवस जे विचारत आले ते एका कपाटापलीकडे उभं होतं आणि सांगायला तयार होतं. लेकीच्या प्रेमळ आवाजात. त्यांनी तुटलेल्या नखांकडे पाहिलं. ज्या माणसाने हे कपाट भिंतीपासून इथवर ओढलं, त्याला उत्तर ठाऊक होतं. ते ऐकल्यावर त्याने काय केलं, तर पोरीच्या ओठावर बोट ठेवलं आणि दार अडवलं.

"नको," नाकवाले म्हणाले. आपल्या तोंडून हा शब्द निघाला याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "मला नाही ऐकायचं." त्यांनी कपाटाला पाठ लावली आणि पलंगाच्या पायाला टाचा रोवल्या. बाहेर शांतता पसरली. लाकडाला कान लागला होता, तरी निघून जाणारं पाऊल ऐकू आलं नाही.

बराच वेळ तसाच गेला. टुकी पेंगुळली.

मग बैठकीच्या खोलीपलीकडे, घराच्या मुख्य दारात, किल्ली फिरली. चपला काढल्याचा आवाज आला, पिशवी खाली ठेवल्याचा आला.

"बाबा, आले हो मी!" लेक म्हणाली. लांबून, दमलेल्या आवाजात, नाकात बोलल्यासारखी. कालपासून तिला सर्दी झाली होती. "कुठे आहात? टुकी झोपली का?"

नाकवाल्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधीच, दाराच्या अगदी पलीकडून, कपाटाच्या जाडीएवढ्या अंतरावरून, नाकवाल्यांच्याच आवाजात उत्तर गेलं.

"ये गं, इकडेच ये. तुला काहीतरी सांगायचंय."

नाकवाल्यांनी टुकीला पलंगावर टाकलं आणि दोन्ही हातांनी कपाट दारापासून ओढायला सुरुवात केली.